वरैयाडु आणि शोलाकिळी : दोन नावे, एक डोंगर

'निलगिरी' हा शब्द मराठीत उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या मनात पर्वत उभा राहत नाही, झाड उभे राहते. पडशावर उपयोगी पडणारे तेल, सोललेल्या सालीचे उंच खोड, रुमालावर टाकलेले दोन थेंब, हा त्या शब्दाचा आपल्याकडील अर्थ होय. ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका वृक्षास आपल्या भाषेने दक्षिणेतील एका पर्वताचे नाव देऊन टाकले. अर्थाचे असे स्थलांतर भाषाभ्यासकास नवीन नाही. परंतु येथे ज्या पर्वताचे नाव या वृक्षाने घेतले, त्याच पर्वतावरील गवत नाहीसे करण्यातही त्याचा वाटा आहे. असे झाले म्हणजे शब्दार्थाचा विचार शब्दकोशापुरता राहत नाही.

प्रस्तुत लेखात त्या पर्वतप्रदेशातील दोन संकटग्रस्त प्राण्यांची तुलना करावयाची आहे. एक आहे निलगिरी ताहर हा खुरांचा वन्य पशू, ज्याला तमिळमध्ये 'वरैयाडु' म्हणतात. दुसरा आहे निलगिरी शोलाकिळी हा चिमणीएवढा गाणारा पक्षी. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत दोघेही 'संकटग्रस्त' या एकाच वर्गात आहेत. मात्र एकाच वर्गात असूनही त्यांचे संकट एक नाही, किंबहुना काही बाबतींत ते परस्परविरुद्ध आहे. हा विरोध समजून घेण्यास त्यांच्या नावांचा इतिहास अनपेक्षितपणे उपयोगी पडतो, असे मला दिसून आले. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. तेव्हा त्या शास्त्राच्या प्रकाशित निष्कर्षांवर विसंबून भाषेच्या बाजूने जेवढे म्हणता येईल तेवढेच येथे म्हटले आहे.

प्रथम भूमीचे स्वरूप पाहू. आपला सह्याद्री दक्षिणेकडे जात जात निलगिरी, अनैमलै, पळणी या डोंगरांत समुद्रसपाटीपासून २,००० मीटरांहून अधिक उंची गाठतो. दोड्डबेट्टा २,६३७ मीटर, तर अनैमुडी २,६९५ मीटर उंच आहे. या माथ्यांवर दोन प्रकारची वनस्पतिसृष्टी एकमेकींना लागून नांदते. उतारांवर व कण्यांवर मोकळे गवत असते. दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत, जेथे ओल टिकते तेथे, बुटक्या वृक्षांचे दाट, शेवाळलेले, सदाहरित वन असते. या वनास 'शोला' म्हणतात. मूळ तमिळ शब्द 'सोलै' असून त्याचा अर्थ वृक्षराई असा आहे. गवत आणि शोला यांची सीमा इतकी रेखीव असते की एका पावलात मनुष्य उन्हातून अंधारात जातो. भोवतालची सखल भूमी उष्ण असल्याने हे माथे एकमेकांपासून तुटलेले आहेत. म्हणूनच अभ्यासक त्यांना 'आकाशातील बेटे' म्हणतात.

या भूमीविषयी एक गैरसमज फार काळ टिकला. गवत म्हणजे तोडलेल्या वनाची उरलेली जागा, माणसाने जाळपोळ व गुरेचराई करून शोला हटविली आणि तेथे गवत माजले, असे मानले जाई. १९९३ मध्ये सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी निलगिरीतील दलदलीच्या थरांतील कार्बनचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यावरून गेल्या सुमारे २०,००० वर्षांत तेथे गवत आणि वृक्ष यांचे प्रमाण हवामानाबरोबर कमीअधिक होत आले आहे असे दिसून आले. गवत तेथे मुळापासून आहे. हिवाळ्यातील दहिवर उघड्या उतारावरील शोलावृक्षांची रोपे जाळून टाकते व गवतास राखते, हेही एक कारण सांगितले जाते.

आता नावांकडे वळू. ताहराचे शास्त्रीय नामकरण १८३८ मध्ये ऑगिल्बी याने केले आणि त्याने जातिवाचक पद योजले 'हायलोक्रियस'. ग्रीक 'ह्यूले' म्हणजे वन व 'क्रिओस' म्हणजे मेंढा, मिळून 'वनमेंढा'. पुढे त्यास 'हेमिट्रॅगस' या गणात बसविले. त्या शब्दाचा अर्थ 'अर्धा बोकड'. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला 'निलगिरी आयबेक्स' म्हटले, म्हणजे आल्प्समधील रानबोकडाचे नाव दिले. 'ताहर' हा शब्द तर हिमालयाकडील. हिमालय, अरबस्तान आणि निलगिरी येथील तीन सारख्या दिसणाऱ्या पशूंना तो एकत्र लावला गेला. २००५ मध्ये रोपिके व हसनिन यांनी जनुकीय पुराव्यावरून दाखविले की हे तिघे एका कुळीचे नाहीत. हिमालयी ताहर बोकडांच्या जवळचा, अरबी ताहर उत्तर आफ्रिकेतील रानमेंढ्याच्या जवळचा, आणि निलगिरीचा ताहर मेंढ्यांच्या जवळचा ठरला. म्हणून त्यास 'निलगिरीट्रॅगस' हा स्वतंत्र गण देण्यात आला.

येथे वाचकांच्या लक्षात एक गंमत आली असेल. नव्या गणाच्या नावातही 'ट्रॅगस' म्हणजे बोकड राहिलाच आहे. मेंढ्याचा आप्त म्हणून ज्यास वेगळे काढले, त्याचे नाव 'निलगिरीचा बोकड'! उलट ऑगिल्बीने कोणताही जनुकीय पुरावा हाती नसता 'मेंढा' म्हटले ते बरोबर निघाले. पण त्याचे 'वन' मात्र चुकले, कारण हा पशू वनात राहत नाही. त्याला उघडे गवत आणि त्याला लागून तुटलेला कडा हवा. दिवसभर गवत खावे व बिबट्या किंवा ढोलांची टोळी येताच उभ्या खडकावर उतरून जावे, अशी त्याची जीवनरीत आहे.

तमिळ नाव या दोन्ही कसोट्यांस उतरते. 'वरै' म्हणजे डोंगर, कडा. 'आडु' म्हणजे काय? येथे मराठी भाषक अडखळतो, कारण आपण शेळी आणि मेंढी यांस आरंभापासून वेगळे शब्द वापरतो व दोघींना सामावणारा सुटसुटीत शब्द आपल्यापाशी नाही. 'शेळ्यामेंढ्या' असे जोडनाव घ्यावे लागते. तमिळमध्ये 'आडु' हा सामान्य शब्द आहे. शेळी ती 'वेळ्ळाडु', मेंढी ती 'सेम्मरि आडु'. म्हणजे 'वरैयाडु' हे नाव शेळी की मेंढी या प्रश्नात पडतच नाही. ते फक्त राहण्याचे ठिकाण सांगते व तेही बिनचूक. लोकनामे सर्वदा शास्त्रीय नावांहून शहाणी असतात असे मला सुचवावयाचे नाही. तसे ती नसतात. या एका ठिकाणी मात्र लोकांनी प्राण्याचे कूळ न विचारता त्याची जागा विचारली, आणि आज संरक्षणाच्या दृष्टीने तोच प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे.

पक्ष्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. मद्रास सैन्यातील वैद्य टी. सी. जर्डन याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निलगिरीतून त्याचे वर्णन केले व युरोपातील थिरथिऱ्याच्या गणात त्याला घातले. त्यानंतर तो 'कॅलीन'मध्ये गेला, मग 'ब्रॅकिप्टेरिक्स' म्हणजे 'आखूडपंखी' या हिमालय व पूर्व आशियातील पक्ष्यांच्या गणात, मग 'मायोमेला'मध्ये. प्रत्येक वेळी त्याचे नाव दुसऱ्या कोठल्या तरी मुलखातील पक्ष्यावरून पडले. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन व सहकाऱ्यांनी दाखविले की निलगिरीचा हा पक्षी व पालघाट खिंडीच्या दक्षिणेचा त्याचा पांढऱ्या पोटाचा भाऊबंद मिळून एक स्वतंत्र कूळ आहे आणि ते या डोंगरांखेरीज कोठेही नाही. त्या गणास नाव दिले 'शोलिकोला'. 'शोला' हा तमिळमधून आलेला शब्द व 'कोला' हा 'राहणारा' या अर्थाचा लॅटिन प्रत्यय. व्यवहारनाम ठरले 'शोलाकिळी'. 'किळी' मलयाळममध्ये लहान पक्ष्यास म्हणतात. तमिळमध्ये तो शब्द मुख्यतः पोपटास लागतो. त्यातील शेवटच्या अक्षरातील मूर्धन्य 'ळ' रोमन लिपीत 'ल' होऊन जातो. मराठीस तो वर्ण उपलब्ध असल्याने आपण तरी 'किली' न लिहिता 'किळी' लिहावे.

याच संशोधनात तेथील हसऱ्या कस्तुरांसाठीही 'माँटेसिंक्ला' हा वेगळा गण निर्माण झाला. त्यातील पळणी डोंगरातील एका जातीचे नाव 'फेअरबँकी' असे आहे. हे नाव सॅम्युअल फेअरबँक या अमेरिकन मिशनऱ्याचे. त्याचे कार्यक्षेत्र तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात होते, आणि त्याने आपल्याकडील सह्याद्री व दख्खनमधील पक्ष्यांचीही यादी प्रसिद्ध केली. मराठी मुलखाचा या पक्षिकुळाशी जो एक धागा आहे तो असा नावातून जातो.

दोन्ही प्राण्यांची आजची स्थिती जाणण्याचे मार्गही सर्वस्वी भिन्न आहेत. ताहर डोळ्यांना दिसतो. प्रौढ नर काळपट असून त्याच्या पाठीवर रुपेरी खोगिरासारखा पट्टा असतो, वजन सुमारे १०० किलोपर्यंत जाते, आणि उघड्या उतारावर दुर्बिणीने कळप मोजता येतो. जॉर्ज शॅलर याने त्यावरील आपली निरीक्षणे १९७० मध्ये मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि १९७५ मध्ये ई. आर. सी. डेव्हिडार यांनी महत्त्वाची पाहणी केली. एरविकुळम् येथील गवताळ पठार मळेवाल्यांनी शिकारीसाठी राखले होते व मुदुवन जमातीचे लोक तेथे राखणदार होते. १९७५ मध्ये ते अभयारण्य व १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पिलांच्या जन्मकाळात दर वर्षी ते प्रवाशांस बंद ठेवतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये तमिळनाडू व केरळ यांनी एकाच वेळी गणना केली. तीत तमिळनाडूत १,३०३ व केरळात १,३६५ असे मिळून २,६६८ ताहर आढळले. त्यांपैकी ८४१ एकट्या एरविकुळम् येथे होते. ताहर हा तमिळनाडूचा राज्यपशू असून २०२२ मध्ये त्या राज्याने त्याच्यासाठी स्वतंत्र प्रकल्प जाहीर केला. संकटग्रस्त प्राण्यांत असे भाग्य थोड्यांच्या वाट्यास येते.

शोलाकिळीस राज्याचे पद नाही व तिची अशी शिरगणतीही होत नाही. करडसर निळा रंग, कुशीस तांबूस छटा, शोलेच्या तळाशी पालापाचोळ्यात किडे शोधीत जमिनीलगत हिंडण्याची सवय. तिला पाहणे हा योग असतो, ऐकणे हाच अभ्यास. पुष्कळ वर्षांपूर्वी भाषापाहणीच्या निमित्ताने उदकमंडलम् येथे राहिलो असता पहाटे उजाडण्यापूर्वी शोलेच्या कडेला मी सावकाश चढत-उतरत जाणारी शीळ ऐकली होती. ती कोणाची हे नंतर कळले. चार दिवस सतत ऐकूनही पक्षी दिसला नाही. माझ्या व्यवसायाच्या माणसास यात वावगे वाटले नाही, कारण बोलणारा न दिसता बोलणे नोंदविण्याची आम्हास सवय असते.

आणि याच गाण्यात या पक्ष्याचा भाषाभ्यासकाशी संबंध येतो. गायक पक्ष्यांच्या कुळातील पिले आपल्या जातीचे गाणे प्रौढांकडून ऐकून शिकतात. त्यामुळे ते स्थळानुसार बदलते. १९६० च्या दशकात मार्लर व तामुरा यांनी अमेरिकेतील एका चिमणीवर्गीय पक्ष्याच्या संदर्भात याची मांडणी केली, तेव्हापासून पक्षिशास्त्रात 'बोली' हा शब्द रूढ आहे. तो उसना शब्द आहे हे विसरू नये. पक्ष्याच्या गाण्यात अर्थवाही पदे नसतात, त्यांच्यापासून वाक्ये होत नाहीत. साम्य आहे ते संक्रमणाच्या रीतीत. पिढीकडून पिढीकडे अनुकरणाने जाणारी आणि वियोगाने पालटणारी ही गोष्ट आहे. आपण नकाशावर भाषाभेदाच्या सीमारेषा काढतो, तशा त्यांच्याही काढता येतात.

२०१६ मध्ये पुरुषोत्तम व रॉबिन यांनी शोलाकिळ्यांच्या गाण्यांवर असेच काम प्रसिद्ध केले. त्या डोंगरांत दोन तऱ्हेची तुटणूक आहे. पालघाट खिंड लक्षावधी वर्षांची आहे आणि तिच्या दोन बाजूंस दोन वेगळ्या जाती झाल्या. दुसरी तुटणूक गेल्या शेदीडशे वर्षांतील वनतोडीची, चहामळ्यांची व वस्त्यांची. या दोन्ही तुटणुकींचे ठसे गाण्यात सापडले. मात्र ते गाण्याच्या निरनिराळ्या गुणांत सापडले. भाषेच्या इतिहासात ज्याला आपण जुना स्तर व नवा स्तर म्हणतो तद्वत हा प्रकार आहे. जाती वेगळी होण्यास युगे लागतात, पण शेजाऱ्याचे गाणे न ऐकू आल्याने होणारा बदल काही पिढ्यांतच दिसू लागतो. तो बदल रक्ताहून आधी कानाला जाणवतो.

हा बदल केवळ कुतूहलाचा विषय नाही. ऑस्ट्रेलियातील रीजंट हनीईटर या अतिसंकटग्रस्त पक्ष्याचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १२ टक्के नर आपल्या जातीचे गाणे मुळीच न गाता परजातींची गाणी गात असल्याचे आढळले, कारण शिकविणारे प्रौढ विरळ झाले होते. शोलाकिळीची अवस्था तशी झाली आहे असे म्हणण्यास आधार नाही. पण धोका कोणत्या जातीचा असतो ते यावरून कळते. ताहर संख्येने कमी झाला तरी उरलेला ताहर ताहरच असतो. गाणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत मात्र संख्येआधी परंपरा तुटू शकते, आणि शिरगणतीच्या कोष्टकात ती तुटलेली दिसत नाही.

आता मूळ विरोधाकडे येऊ. ताहरास उघडे गवत हवे, शोलाकिळीस मिटलेली सावली. दोघांच्या जागा एकमेकींना खेटून आहेत, पण एकाची जागा दुसऱ्यास जवळजवळ निरुपयोगी आहे. अशा भूमीवर 'वन वाढविणे' याचा अर्थ काय?

येथे 'जंगल' या शब्दाची आठवण होते. संस्कृत 'जांगल' म्हणजे आयुर्वेदाच्या परिभाषेत कोरडा, विरळ झाडांचा, मोकळा प्रदेश. त्याच्या उलट पाणथळ तो 'आनूप'. आज 'जंगल' म्हणजे गच्च झाडी. मोकळ्या भूमीचा वाचक शब्द झाडीस गेला आणि मोकळ्या भूमीला आदराचा शब्द उरला नाही. मराठीने 'माळरान' जपले आहे खरे, पण सरकारी दप्तरात माळ हा पुष्कळदा 'पडीक' होतो. गवताळ भूमीस पडीक म्हणणाऱ्या वसाहतकाळातील दृष्टीने निलगिरीच्या उतारांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया, म्हणजे वॅटल, निलगिरीवृक्ष आणि पाइन लावले. आधी जळणासाठी, मग कातडी कमावण्याच्या टॅनिनसाठी, कृत्रिम धाग्याच्या लगद्यासाठी. स्वातंत्र्योत्तर काळात ही लागवड वाढलीच. लागवडीच्या बाहेरही वॅटल आपण होऊन पसरतो. २०१८ च्या एका अभ्यासात पळणी डोंगरातील गवताळ भूमी चार दशकांत दोनतृतीयांशाने घटल्याचे, व २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात पश्चिम घाटाच्या माथ्यांवरील सुमारे ३४० चौरस किलोमीटर, म्हणजे २३ टक्के, गवत परकी वृक्षांखाली गेल्याचे उपग्रहचित्रांवरून दाखविले आहे. शोलेचे क्षेत्र त्या काळात फारसे बदलले नाही. केवळ वृक्षाच्छादन मोजणाऱ्या नकाशावर हा सारा काळ 'वनवाढीचा' दिसेल. ताहराच्या दृष्टीने तो निर्वासनाचा काळ होता. ज्या तोडा लोकांच्या म्हशी त्या गवतावर चरल्या, आणि ज्यांच्या अर्धगोल झोपड्या व देवळे गवतानेच शाकारली जात, त्यांच्या दृष्टीनेही तो निराळा नव्हता.

मग वॅटल तोडून टाकावा, असे उत्तर सुचते. तमिळनाडूच्या ताहर प्रकल्पात गवताळ भूमीच्या पुनरुज्जीवनाचा अंतर्भाव आहेच. परंतु येथे शोलाकिळी आडवी येते. जुन्या लागवडींच्या सावलीत काही ठिकाणी शोलावृक्षांची रोपे उगवून आली आहेत, आणि शोलेला लागून असलेल्या अशा लागवडींत शोलेतील पक्षीही वावरतात. ती सरसकट तोडली तर उगवती शोला जाईल. शिवाय वॅटलचे बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि तोडीनंतर ऊन लागताच एकदम उगवते; तेव्हा तोडूनही गवत परत येईलच असे नाही. म्हणून काही अभ्यासकांचे म्हणणे असे की, जेथे वॅटल गवतात नुकता शिरत आहे तेथे रोपटी वेळीच उपटावी, आणि जेथे लागवड जुनी होऊन तिच्याखाली शोला रुजली आहे तेथे हात लावू नये. मला हे म्हणणे ग्राह्य वाटते, कारण ते 'वन' या एका शब्दाने काम न भागविता प्रत्येक उतारास 'येथे काय होते?' असा प्रश्न विचारते.

हे घडण्यात अडचण आहे ती कारभाराची. प्रकल्प ताहराच्या नावाने आहे, निधी त्याच्या नावाने आहे, मोजणी त्याची आहे. शोलाकिळीच्या नावाने तसे काही नाही. गवत परत आणल्याचे फळ पुढील गणनेत कळपांच्या आकड्याने दिसेल. चुकीच्या जागी झाडे तोडल्याने एखाद्या घळीतील पहाटेचे गाणे बंद पडले, तर ते कोणत्या रकान्यात लिहावयाचे? ध्वनिमुद्रण यंत्रे शोलांत ठेवून वर्षानुवर्षे तेच गाणे तेथेच नोंदविण्याचे तंत्र आज सहज उपलब्ध आहे आणि पक्षिशास्त्रज्ञ ते वापरतातही. ताहराच्या गणनेबरोबर, त्याच पथकांकडून, त्याच मार्गांवर पहाटेची एक तासाची ध्वनिनोंद घेतली गेली, तर दोन्ही प्राण्यांचा हिशेब एका वहीत येईल. अशा नोंदींतील स्वरभेदांचे विश्लेषण करण्यास लागणारी ध्वनिशास्त्राची तालीम आमच्यासारख्या विभागांत दिली जाते, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हा विषय प्रबंधासाठी घेतल्यास प्राणिशास्त्र विभागाशी मिळून मार्गदर्शन करण्यास हरकत नसावी.